ओढल्याशिवाय बिल्ला नाही

ताणबाईंना राग कधी येतो, हे कारखान्यात सगळ्यांना पाठ होतं. त्यांच्या बाकावर कुणी जेवणाचा डबा ठेवला की येतो. साखळी ताणाखाली असताना मागून कुणी शीळ घातली की येतो. आणि कुणी दात काढून म्हणालं, "चांगलीच असणार हो बाई, कशाला ओढत बसता," तर तळपायाची आग मस्तकात जाते. मग समोर हमाल असो की मालक, बाई कुणाची भीडभाड ठेवत नसत.

ताणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखाना ओझी उचलायच्या साखळ्यांचा. भट्टीत सळई तापते, वाकते, तिची कडी होते, कडीत कडी अडकते, तोंडं सांधली जातात आणि साखळी तयार होते. पण तयार झाली म्हणून ती लगेच विकायला निघत नाही. आधी बाईंच्या बाकावर येते. बाक म्हणजे वीस हात लांबीचा लोखंडी सांगाडा. एका टोकाला पक्का हूक, दुसऱ्या टोकाला तेलाच्या दाबाने मागे सरकणारा दट्ट्या. साखळी मध्ये अडकवायची, पंप सुरू करायचा आणि जन्मभर ती जेवढं ओझं उचलणार त्याच्या दुप्पट ताण तिला द्यायचा. साठपर्यंत आकडे मोजायचे. मग ताण सोडून लांबी मोजायची, एकेक कडी बोटांनी चाचपायची, प्रत्येक सांध्यावर भिंग धरायचं. साखळी जराशी जरी लांबली असेल तरी भंगारात. नसेल, तर शेवटच्या कडीत पितळी बिल्ला, आणि बिल्ल्यावर ठोकलेला बाईंचा आकडा, चौदा. ताण देणाऱ्या बाई म्हणून ताणबाई. माणसांनाही तितकाच देतात, म्हणून ते नाव टिकलं.

नवरा याच कारखान्यात भट्टीवर होता. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मुलगा चार वर्षांचा. थोरल्या मालकांनी बाईंना झाडलोटीला ठेवून घेतलं. बाकावर तेव्हा एक म्हातारा तपासनीस होता, कानाने बहिरा आणि तोंडाने फटकळ. झाडू मारता मारता बाई काट्याकडे बघतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि दोन वर्षांत त्याने त्यांना सगळं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, शिव्या दिल्या. त्याचा नियम एकच होता. साखळी सख्ख्या भावाने केलेली असली तरी ओढल्याशिवाय बिल्ला नाही. तो गेला आणि बाक बाईंकडे आला, त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत चौदा आकड्याची एक साखळी तुटली नव्हती. बाई हे कधी बोलून दाखवत नसत, पण चालताना त्यांची मान ते सांगायची.

बाईंची देवावर श्रद्धा होती. तिचा त्यांनी कधी गाजावाजा केला नाही. रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी बाकाशी उभं राहून त्या अर्धा मिनिट डोळे मिटत, एवढंच. सांधणीवरचा मिस्त्री त्यांच्याच वयाचा, वीस वर्षांचा सोबती. तो चिडवायचा, "साखळीसाठी नवस बोलताय काय बाई?" बाई म्हणायच्या, "साखळीला माझा पंप बघून घेईल. हे माझ्यासाठी आहे." देव आहे का असं कुणी विचारलं, तर घरात मीठ आहे का असं विचारल्यासारखं "आहे की" म्हणून त्या कामाला लागायच्या.

हे असं सोपं उत्तर एका माणसाला मात्र मुळीच चालायचं नाही. तो म्हणजे त्यांचा मुलगा. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि शाळा सुटली तरी शिकवणं सुटायचं नाही.

"आई, तू एक साखळी न ओढता सोडत नाहीस."

"नाही सोडत."

"मग एवढं मोठं विधान, की हे सगळं चालवणारा कुणीतरी आहे, ते न ओढताच कसं सोडतेस?"

"कुठे अडकवू त्याला? हुकाला?"

"थट्टा नको. पुरावा नसेल तर मानू नये, एवढं साधं आहे."

"तुझ्या बापाने मला लग्नाआधी पुरावा दिला नव्हता. मानलं मी. आता जेव."

"बाबा दिसत तरी होते."

यावर बाई भांडी आपटायला लागायच्या. म्हणजे त्यांच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण ते शब्दांत मांडता येत नव्हतं, आणि समोरचा पोरगा आपणच पदरमोड करून शिकवलेला. राग धरावा तर कुणावर. दोघांचं हे रोजचं होतं. शेजारी आवाज ऐकून म्हणायचे, चला, यांची जेवणं झाली.

आता त्या गुरुवारची गोष्ट. सहा साखळ्यांची तातडीची मागणी होती. दारात ट्रक इंजिन चालू ठेवून उभा, आणि धाकटे मालक घड्याळ बघत येरझारा घालत होते. थोरले गेल्यापासून कारखाना त्यांच्याकडे होता. माणूस वाईट नव्हता, पण घाई हा त्याला जडलेला रोगच होता. पहिली साखळी बाईंनी ओढली. चोख निघाली. दुसरी लावली, काटा निम्म्यावर आला आणि दट्ट्याचं रबरी सील फाटलं. तेल भसकन बाहेर आलं, काटा शून्यावर. नवीन सील यायला दोन दिवस.

"दोन दिवस थांबा," बाई म्हणाल्या.

"ट्रक थांबत नाही," धाकटे मालक म्हणाले. "एक ओढलीत ना? सहाही एकाच सळईच्या, एकाच हातच्या. एक चांगली तर सगळ्या चांगल्या."

बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाला, "माझ्या हातच्या आहेत बाई. वीस वर्षं बघताय." हे खरंच होतं. वीस वर्षांत मिस्त्रीच्या हातच्या तीन साखळ्या काय त्या भंगारात गेल्या असतील.

मग बाईंनी जे केलं, ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्या बंद बाकाशी उभ्या राहिल्या. त्यांनी डोळे मिटले, रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ. मनात म्हणाल्या, सांभाळ रे बाबा. आणि हातोडी घेऊन पाच बिल्ल्यांवर चौदाचा आकडा ठोकला. ट्रक गेला.

तेवीस दिवसांनी त्या पाचांतली एक तुटली.

एका गोदामात यंत्राची पेटी वर चढत होती. खाली हूक लावणारा माणूस उभा होता. तिशीतला, दोन मुलांचा बाप. कडी उघडली आणि पेटी त्याच्या पायांवर आली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डाव्याचं डॉक्टर अजून काही सांगत नव्हते. कारखान्यात बातमी आली ती तुटक्या कडीसकट, आणि शेवटच्या कडीत बिल्ला होताच. बाईंनी तो उलटा करून पाहिला नाही. त्यांना तो बघायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी धाकट्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाईप केलेला कागद होता. सोमवारी सरकारी निरीक्षक येणार होता, त्याच्यासाठी तपासनिसाचा जबाब. मालकांनी तो वाचून दाखवला. साखळी रीतसर ताणून तपासलेली होती. त्या दिवशी जोराचा वारा सुटला होता. वाऱ्याने ओझं हेलकावलं आणि अपघात झाला. यात कुणाचाही दोष नसून ही परमेश्वराची इच्छा होय.

"परमेश्वराची?" बाई म्हणाल्या.

"लिहायची पद्धत असते तशी."

जो माणूस देवाचं नाव फक्त पाय ठेचला की घ्यायचा, त्याच्या कागदावर परमेश्वर शेवटच्या ओळीत साक्षीदार म्हणून येऊन बसला होता. बाईंनी कागद हातात घेतला. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

"बाकीच्या चार कुठे आहेत?"

"कुठल्या चार?"

"न ओढलेल्या पाच होत्या. एक तुटली. चार कुठे आहेत?"

मालक खुर्चीत मागे रेलले. "दोन त्याच गोदामात, एक पंपांच्या कारखान्यात, एक दगडाच्या वखारीत. चालू आहेत. आणि बाई, त्या परत मागवल्या म्हणजे आपणच आपल्या तोंडाला काळं फासणं झालं. तेवीस दिवस चालल्यात, पुढेही चालतील."

"कशावरून?"

"आता तुम्हीच विचारा कशावरून. तुमचा तर देवावर विश्वास आहे ना? मग ठेवा की."

ते वाक्य जर दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल बोललं असतं तर त्या कदाचित हसल्याही असत्या. पण त्या गुरुवारी बंद बाकाशी उभं राहून त्यांनी स्वतःला सांगितलं होतं ते हेच, अगदी याच शब्दांत. ते आता या घाईखोर, गुळगुळीत दाढीच्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर त्यांना कळलं की ते किती घाण वाक्य आहे. तीन ठिकाणी चार ओझी लोकांच्या डोक्यावर लटकत होती, आणि खाली उभ्या असलेल्यांना बिल्ल्यावरचा चौदा दिसत होता.

"देवाला काय तुमच्या कड्या धरायला नोकरीला ठेवलंय?" बाई म्हणाल्या. आवाज केबिनबाहेर गेला. "पंप चालवायचा कंटाळा तुम्हाला, ट्रकची घाई तुम्हाला, आणि भार त्याच्यावर? थोरले मालक असते तर तुमच्या कानाखाली काढली असती. आणि तुमच्याआधी माझ्या."

"बाई, नोकरीचा विचार करा."

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं. टाईप केलेला सगळा मजकूर एका तिरक्या रेघेने खोडला, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. 'साखळी ओढली नव्हती. अशा आणखी चार आहेत. बिल्ला मी ठोकला. आकडा चौदा.' सही केली, कागद घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि बाहेर पडल्या. मागे मालक काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं नाही.

घरी मुलगा वह्या तपासत बसला होता. बाईंनी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सील, ट्रक, मिस्त्री, डोळे मिटले ते, हातोडी. सांगताना त्यांनी काही झाकलं नाही, उलट जिथे दुखत होतं तिथेच बोट दाबल्यासारखं करून सांगितलं. मुलाने लाल पेन खाली ठेवलं.

"म्हणजे शेवटी तूच म्हणतेस," तो सावकाश म्हणाला, "की विश्वास पुरेसा नाही. ओढून बघावं लागतं. आई, मी इतकी वर्षं दुसरं काय सांगत होतो?"

तो हे वाईट बुद्धीने बोलला नव्हता. पण त्या घडीला ते बोलायला नको होतं.

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या. "तो एक तिकडे, त्याने चार साखळ्या देवाच्या गळ्यात घातल्या. तू एक इकडे, तुला देवालाच बाकावर घालून ताणायचंय, तुटतो का बघायला. दोघांना तो कारखान्यातला मालच वाटतो. एकाला फुकटचा हमाल पाहिजे, दुसऱ्याला नमुना."

"आई, मी फक्त..."

"आणि मी? मी तर दोघांच्या वर. मला साखळी ओढता येत होती. दोन दिवस थांबले असते तर ओढता आली असती. ज्याची परीक्षा घेता येते त्याची घ्यायची नाही, आणि वर डोळे मिटायचे, याला श्रद्धा म्हणतात का? याला आळस म्हणतात. भित्रेपणा म्हणतात. मी त्याचं नाव वापरलं रे. बावीस वर्षं मी त्याच्याकडे काही मागितलं नाही, आणि मागितलं ते काय, तर माझं काम तू कर."

मुलाने आईला असं रडताना पाहिलं नव्हतं, आणि हे रडणं तर नुसतं रागाचं होतं, त्यात दया दाखवायला कुठे जागाच नव्हती. थोड्या वेळाने तो उठला, त्याने चपला घातल्या आणि विचारलं, "दगडाची वखार कुठे आहे?"

आधी ते गोदामात गेले. तिथल्या लोकांनी साखळी तुटताना पाहिली होती, त्यामुळे जास्त सांगावं लागलं नाही. बिल्ल्यावरचा आकडा आणि बाईंचं तोंड बघून त्यांनी दोन्ही साखळ्या उतरवून दिल्या. देताना एकजण बाईंच्या पायाशी थुंकला. मुलगा पुढे सरसावला, तशी बाईंनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. पंपांच्या कारखान्यातल्या माणसाने पावती मागितली, सही घेतली आणि तिसरी साखळी दिली.

वखारीत मात्र मुकादम आडवा आला. पोट सुटलेला, कानावर पेन्सिल, आणि जगात आपल्याला सगळं कळतं असा चेहरा. त्याच्या मागे दगडाची एक मोठी लादी साखळीने उचललेली, हवेत हळूहळू फिरत होती.

"चालतीय ना बाई. महिना होत आला. मजबूत आहे."

"ओढलेली नाही ती."

"आम्ही रोज ओढतोय की. याहून काय परीक्षा असते?"

"दुप्पट ओझं लावलंय कधी?"

"दुप्पट कशाला लावू? माझा भरवसा आहे. बिल्ला आहे ना तिला."

"तो बिल्ला खोटा आहे. मी सांगतेय, मीच ठोकलाय."

"जाऊ द्या हो. काही होत नाही. देव आहे."

मुलाने डोळे मिटून घेतले, कारण आता काय होणार ते त्याला कळलं होतं. पण बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी लादीकडे बोट केलं.

"भरवसा आहे ना? जा. तिच्याखाली जाऊन उभे राहा. मी इथे साठपर्यंत आकडे मोजते."

मुकादम हसला. आजूबाजूचे चार कामगारही हसले, पण लवकरच थांबले आणि मुकादमाकडे बघायला लागले. बाईंनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. मुकादमाने एकदा लादीकडे पाहिलं, एकदा साखळीकडे. तो दोन पावलं पुढे गेला, हे कबूल केलं पाहिजे. मग थबकला, आणि पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली.

"तुमच्या माणसांना रोज उभं करता तिथे," बाई म्हणाल्या. "तेव्हा देव असतो. तुमच्यावर आली की कुठे जातो?"

"उतरव रे," मुकादम क्रेनवाल्याला म्हणाला, आणि तिथून निघून गेला.

परतीच्या वाटेवर चार साखळ्या हातगाडीत होत्या. मुलगा गाडी ढकलत होता, बाई शेजारून चालत होत्या. कड्या खडखडत होत्या.

"एक विचारू? चिडू नकोस."

"चिडलेलीच आहे. विचार."

"तू अजून मानतेस?"

"मानते. आणि त्याच्यावरही चिडलेय. जो नाहीच, त्याच्यावर कुणी चिडतं का?"

"चिडतात की," मुलगा म्हणाला. "मी रोज चिडतो."

त्या आठवड्यात पहिल्यांदा बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण तेवढाच. गाडी खड्ड्यात अडकली आणि दोघांनी मिळून ती बाहेर काढली.

सोमवारी निरीक्षक आला. चष्मेवाला, कमी बोलणारा गृहस्थ. बाईंनी त्याला आपला कागद दिला. बाकाला नवीन सील बसलेलं होतं. निरीक्षकाच्या समोर, सगळा कारखाना भोवती उभा असताना, बाईंनी चारही साखळ्या एकामागून एक ओढल्या. दुप्पट ताण, साठ आकडे, मोजपट्टी, भिंग. पहिली टिकली. दुसरी टिकली. तिसरी टिकली. चौथीच्या वेळी कुणी श्वासही घेत नव्हतं. तीही टिकली. लांबीत दोऱ्याचाही फरक नाही.

लोकांनी टाळ्याच वाजवल्या. धाकट्या मालकांच्या चेहऱ्यावर आठवड्याभराचं रक्त परत आलं.

"बघा," ते निरीक्षकाला म्हणाले, "चारही चोख. उगाच राईचा पर्वत केला या बाईंनी. म्हणतात ना, देव तारी त्याला कोण मारी. मी म्हणालो होतो यांना, विश्वास ठेवा."

बाई तेलाचे हात फडक्याला पुसत होत्या. त्यांनी फडकं बाकावर आपटलं.

"चार त्याने धरल्या म्हणता?"

"मग दुसऱ्या कुणी?"

"मग पाचवी कुणी सोडली?"

धाकटे मालक निरीक्षकाकडे बघायला लागले.

"सांगा ना. चारचं पुण्य त्याला देताय, तर पाचवीचं पाप कुणाला? त्या माणसाने काय केलं होतं? त्याच्या डोक्यावरच देवाचा हात दुखायला लागला?" बाई आता कुणा एकाकडे बघत नव्हत्या. "या चार चांगल्या आहेत हे आत्ता कळलं. ओढल्यावर. कालपर्यंत ते ना तुम्हाला माहीत होतं ना मला. काल जे होतं तो विश्वास नव्हता, जुगार होता, आणि डाव दुसऱ्यांच्या पायांचा होता."

तेवढ्यात मागून मिस्त्री पुढे आला. तो निरीक्षकासमोर उभा राहिला आणि त्याने आपल्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं. दोन महिने झाले, म्हणाला, या डोळ्याने धुरकट दिसतं. डॉक्टर मोतीबिंदू म्हणाला. सांगितलं तर सांधणीवरून काढतील म्हणून बोललो नाही. हाताला सवय आहे, हात चुकणार नाही असं वाटलं. पाचवीतली ती कडी त्या मागणीतली शेवटची होती. संध्याकाळच्या उजेडात केलेली.

"मी तुम्हाला विचारलं होतं मिस्त्री," बाई म्हणाल्या.

"तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत बाई. विचारलं असतंत तर..." तो थांबला. "तरी खोटंच बोललो असतो. खोटं कशाला बोलू आता."

बाईंना त्याच्यावर संतापायचं होतं. संताप आलाही. पण म्हातारा तपासनीस बहिरा होता, त्याला काय ऐकू येत होतं माणसं काय सांगतात ते? म्हणून तर तो ओढायचा. माणसं खोटं बोलतात, डोळे धुरकटतात, हात चुकतात, हे सगळं धरूनच तो बाक तिथे ठेवलेला होता. मिस्त्री चुकला, ती त्याची चूक. ती चूक जिथे पकडायची त्या जागेवर बाई होत्या. निरीक्षकाने त्यांच्याकडून चौदाचा ठसा आणि हातोडी मागून घेतली, एका पाकिटात घातली आणि पाकिटावर तारीख लिहिली. बावीस वर्षं त्या ठशाने दिलेला घट्टा बाईंच्या अंगठ्यावर होता. तो काही पाकिटात जाणार नव्हता.

तिथून बाई घरी न जाता थेट रुग्णालयात गेल्या.

पुरुषांचा लांबट वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. सातव्या खाटेवर तो होता. पांघरूण एका बाजूला सपाट. शेजारी स्टुलावर त्याची बायको, मांडीवर डबा. बाईंनी आपण कोण ते सांगितलं. बायकोला वाटलं, कारखान्याकडून विचारपूस करायला आल्यात. ती उठून स्टूल पुढे करायला लागली.

"बसा ना मावशी. काय करणार, देवाची मर्जी. नशिबात होतं. मी यांना तेच सांगते, त्याच्या मनात असेल त्याला आपण काय..."

"त्याची मर्जी नव्हती," बाई म्हणाल्या. त्या बसल्या नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. आवाज बारीक न करता. शेजारच्या खाटांवरच्या माणसांनी माना वळवल्या. बायकोचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. नवरा आधी छताकडे बघत होता, तो हळूहळू बाईंकडे बघायला लागला.

"बाकीच्या चार?" त्याने विचारलं.

"उतरवल्या. आज ओढल्या."

"टिकल्या?"

"टिकल्या."

त्याने पांघरुणाच्या सपाट बाजूकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग माझीच का नाही ओढलीत?"

"दोन दिवस थांबायचं होतं," बाई म्हणाल्या. "थांबले नाही. डोळे मिटले आणि ठसा मारला."

तेव्हा तो ओरडला. कोपरांवर उठायचा प्रयत्न करत, नळ्या हलवत, तोंडात येईल ते बोलत. तुमचे हात झडोत म्हणाला, तुमच्या देवाला घेऊन चालत्या व्हा म्हणाला, माझ्या मुलीला चालत शाळेत कोण सोडणार ते सांगून जा म्हणाला. परिचारिका धावत आली. बायको रडत त्याला खांद्याला धरून आडवं करायला लागली आणि बाईंना म्हणाली, "तुम्ही जा मावशी, जा, त्यांचं मनावर घेऊ नका."

"बोलू दे त्यांना," बाई म्हणाल्या.

त्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. या सगळ्या प्रकरणात बरोबर माणसावर चिडलेला तो पहिलाच माणूस होता, आणि त्याचं बोलून संपेपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.